ट्रॅकवर गाडी तापते तेव्हा रेडिएटर सगळ्यात शेवटी बदला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पुण्यात राहता, सेकंडहँड घेतलेली पोर्श केमन एस आहे, सहा सिलिंडरची, मध्ये इंजिन असलेली, म्हणजे सीटच्या मागे पण मागच्या चाकांच्या पुढे. रोजच्या वापरात तापमानाचा काटा जागचा हलत नाही. खंबाटकी घाट एसी लावून चढली तरी काही होत नाही. पण मार्चमध्ये चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर नेली, तर पाचव्या-सहाव्या लॅपला, म्हणजे फेरीला, काटा वर सरकायला लागला आणि पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांबायच्या जागेत) येईपर्यंत इशाऱ्याचा दिवा लागला. गॅरेजवाल्याने दोन उपाय सांगितलेत, मोठा ॲल्युमिनियमचा रेडिएटर टाका आणि थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडचा प्रवाह बंद ठेवणारी झडप) काढून टाका. हे करू का, असं तुम्ही विचारलंय.

थर्मोस्टॅट काढू नका. रेडिएटर आत्ताच घेऊ नका. भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये ट्रॅक डेला आणि शर्यतींना जाणाऱ्या गाड्या तयार करणं हेच माझं रोजचं काम आहे. तापणाऱ्या गाड्या तर सारख्याच येतात आणि त्यांतल्या बहुतेकांचं दुखणं रेडिएटरच्या आकारात नसतं. तुमच्या गाडीचं नेमकं कुठे आहे हे इथून बसून सांगता येणार नाही. गाडीचं वय, आधीच्या मालकाने केलेली कामं, गाडी कुठे उभी असते, तुम्ही ती कशी चालवता, या सगळ्यावर ते ठरतं. पण शोधायचं कसं आणि कोणत्या क्रमाने, ते नक्की सांगता येईल.

आधी घाटाचं बघू. गाडीचा कस घाटात लागतो हे आपल्याकडे डोक्यात पक्कं बसलंय. जुन्या फियाट-ॲम्बेसेडरच्या काळात ते बरोबरही होतं. तुमच्या गाडीला ते लागू नाही. चौदाशे किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरने चढतेय आणि रस्ता शंभर मीटरमागे सहा मीटर वर जातोय असं धरा. नुसतं वजन उचलायला १४ किलोवॅट लागतात, हवा आणि टायरचा विरोध मिळवला की वीसच्या आसपास. एक्स्प्रेसवेवर सपाटीला ताशी १०० ने जातानाही आकडा साधारण तेवढाच, १५ ते २०. तुमचं इंजिन पूर्ण ताकदीला २०० किलोवॅटच्या वर देतं. लॅपभर ॲक्सिलरेटर तळाला नसतो हे खरं, पण ब्रेकिंग आणि वळणं धरून सरासरी निम्म्यावर आली तरी १०० किलोवॅट झाले. आता पेट्रोलमधली ऊर्जा जाते कुठे? ढोबळमानाने एक तृतीयांश कामाला येते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जाते, आणि उरलेली कूलंट (इंजिनातली उष्णता रेडिएटरकडे नेणारं द्रव) आणि तेलात उतरते. म्हणजे इंजिन जेवढी ताकद देतं, जवळजवळ तेवढीच उष्णता रेडिएटरने बाहेर फेकायची असते. घाटात काही मिनिटं २० किलोवॅट, ट्रॅकवर पंधरा-वीस मिनिटं सलग १००. घाटात काटा हलला नाही यावरून कूलिंग उत्तम आहे असं ठरत नाही. आपल्या रस्त्यांवर एवढ्या ताकदीच्या गाडीची कूलिंग सिस्टीम निम्मी तुंबलेली असली तरी कळत नाही.

दुसरी गोष्ट हवामानाची. रेडिएटर किती उष्णता टाकेल हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. डिसेंबरच्या सकाळी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर हवा १५ अंशांना असेल आणि कूलंट १०५ला, तर फरक ९० अंशांचा. चेन्नईला दुपारी बंपरच्या उंचीवर, तापलेल्या डांबराच्या जरा वर, ३५ धरा. फरक ७०. तोच रेडिएटर, तीच गाडी, पण क्षमता एक पंचमांशाहून जास्त घटली. त्यामुळे ‘माझ्या मित्राची हीच गाडी बुद्धला तापली नाही’ या वाक्यातून काहीच सिद्ध होत नाही. ट्रॅकच्या आखणीनेही फरक पडतो. बुद्धला किलोमीटरभराचा सरळ पट्टा आहे, तिथे वेगाने भरपूर हवा आत येते. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे दोन किलोमीटरच्या आसपासचा, तिथे गाडीला मोकळा श्वास घ्यायला फारशी जागाच मिळत नाही.

आता मोजमाप. डॅशबोर्डवरच्या काट्यावर भरवसा ठेवू नका. अनेक गाड्यांत तो मुद्दाम असा बसवलेला असतो की कूलंट ८० अंशांना असो की १०५ला, काटा मध्येच उभा राहतो. चालकाने उगाच घाबरू नये म्हणून ही सोय केलेली असते, पण ट्रॅकवर ती घातक ठरते, कारण काटा हलायला लागला तेव्हा तुम्ही आधीच धोक्याच्या दारात असता. ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या सॉकेटला) लावायचा छोटा ब्लूटूथ स्कॅनर घ्या, मोबाइलवर ॲप टाका आणि कूलंटचं तापमान, आरपीएम आणि वेग असं सगळं रेकॉर्ड करा. गाडी तेलाचं तापमान देत असेल तर तेही. चालवताना मोबाइलकडे बघायचं नाही. रेकॉर्डिंग पिटमध्ये आल्यावर बघा.

त्या आलेखाचा आकार पुष्कळ काही सांगतो. तापमान चढत चढत १०५-१०८ला जाऊन तिथेच स्थिरावत असेल तर सिस्टीम आपलं काम करतेय, फक्त हाताशी राखीव क्षमता कमी आहे. प्रत्येक लॅपला दोन-तीन अंश वाढतच जात असेल आणि थांबायचं नाव नसेल, तर जेवढी उष्णता तयार होतेय तेवढी बाहेर पडत नाहीये. सगळं ठीक चाललेलं असताना एकाएकी दहा-बारा अंशांची उडी दिसली, तर सिस्टीममधली अडकलेली हवा, गळती, वॉटर पंप किंवा हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यांच्यावरचं हेड यांच्यामधलं सील) याच दिशेने बघायचं. पिटमध्ये आणि हळू चालताना तापमान वाढतं, वेग घेतला की उतरतं, असं असेल तर पंखे. उलट हळू चालताना ठीक आणि जोरात गेलं की चढतं, तर रेडिएटरमधून जाणारी हवा किंवा कूलंटचा प्रवाह यांपैकी एक कमी पडतंय. अजून एक बघायचं, कूल-डाउन लॅपला, म्हणजे गाडी थंड करायला हळू मारलेल्या शेवटच्या फेरीला, तापमान किती झपाट्याने उतरतं. हलक्या पायाने चालवलेल्या अर्ध्या लॅपमध्ये दहा अंश खाली आलं तर सिस्टीमची मूळ तब्येत चांगली आहे. अख्खी लॅप हळू चालवूनही १०५च्या खाली येत नसेल तर कुठेतरी खरोखर तुंबलंय.

तुम्ही लिहिलंत त्यावरून मला हा हळूहळू चढत जाण्याचा प्रकार वाटतो, आणि त्यात मी सगळ्यात आधी हवेकडे बघतो. केमनमध्ये इंजिन मागे असलं तरी रेडिएटर पुढे आहेत, बंपरच्या डाव्या-उजव्या कोपऱ्यांत एकेक. त्यांच्यापुढे एसीचे कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळ्या. हवा बंपरच्या तोंडातून शिरते, आधी कंडेन्सरमधून आणि मग रेडिएटरमधून जाते आणि पुढच्या चाकाच्या अलीकडून बाहेर पडते. ही मांडणी चांगली आहे, पण ती दोन तोंडं जमिनीलगत आहेत आणि पुढची प्रत्येक गाडी जे उडवते ते आत घेतात. शिवाय पुण्यात गाडी सोसायटीत झाडाखाली उभी असते. गुलमोहराची बारीक पानं, सावरीचा कापूस, प्लॅस्टिकच्या पिशवीचे तुकडे, सातारा रस्त्यावरच्या ट्रकांनी उडवलेला चिखल, हे सगळं तिथे जाऊन बसतं.

बाहेरून टॉर्च मारून बघितलं तर कंडेन्सर बऱ्यापैकी स्वच्छ दिसतो, त्यामुळे लोक फसतात. खरा कचरा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत असतो. बंपर उतरवून, कंडेन्सरचे स्क्रू सोडून तो पाइप न तोडता जरा पुढे ओढला की मागे रेडिएटरच्या तोंडावर करड्या रंगाचा थर दिसतो, रजईतल्या कापसासारखा दाबून बसलेला, बोटाने उचलला तर अख्खी पट्टी निघून येते. खालच्या कोपऱ्यात पानांचा कुजून झालेला काळा चिखल असतो, तो ओला राहून ॲल्युमिनियमच्या फिन, म्हणजे जाळीतल्या पातळ पट्ट्या, खातो. अशा रेडिएटरला दोन बोटांनी हलकेच दाबलं तर खालच्या फिनचा भुगा पडतो. तसं असेल तर तो रेडिएटर बदलायचाच, पण मोठा नको, मूळ आकाराचाच. फिन शाबूत असतील तर मऊ ब्रश, व्हॅक्यूम आणि मागच्या बाजूने पुढे असं कमी दाबाचं पाणी, एवढं पुरे. प्रेशर वॉशरची नळी जवळ धरू नका. फिन आडव्या पडतात, मग रेडिएटर धुतलेला आणि बंद असा दोन्ही होतो. पडलेल्या फिन सरळ करायला फिन कोंब नावाचा छोटा कंगवा मिळतो, काम कंटाळवाणं आहे पण होतं.

बंपर उतरलाच आहे तर आणखी दोन गोष्टी बघा. एक, बंपरचं तोंड आणि रेडिएटर यांच्यामधला डक्ट, म्हणजे हवेचा बोगदा, जागेवर आहे का, त्याच्या कडांना फटी आहेत का. हवा नेहमी सोपी वाट धरते. रेडिएटरच्या फिनमधून घुसण्यापेक्षा बाजूच्या बोटभर फटीतून निसटणं तिला सोपं, त्यामुळे फट दिसायला लहान असली तरी नुकसान मोठं असतं. आम्ही बंद पेशींचा, उष्णता सहन करणारा फोम आणि पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा वापरून त्या कडा बंद करतो. दिवसभराचं काम, खर्च किरकोळ, आणि याच्याइतका फायदा दुसऱ्या कशाने झालेला मी क्वचितच बघितलाय. दुसरी गोष्ट, हवा बाहेर पडायची वाट. सेकंडहँड गाडीला कधीतरी पुढून धक्का लागलेला असतो आणि चाकाच्या आतला लायनर बाहेरच्या बाजारातला बसवलेला असतो. त्याला हवा बाहेर सोडायच्या झडपा आहेत का, की तिथे सपाट प्लॅस्टिक आहे, हे बघून घ्या. जी हवा बाहेर पडू शकत नाही, ती आतही येत नाही.

खालचा प्लॅस्टिकचा पत्रा, म्हणजे अंडरट्रे, काढून टाकायचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. तो काढला की हवा मोकळी होते असं वाटतं. होतं उलटं. गाडीखालून वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब कमी राहावा आणि रेडिएटरमागची हवा ओढली जावी यात त्या ट्रेचा वाटा असतो. सर्व्हिसिंगच्या वेळी ‘परत लावायला नको’ म्हणून काढून ठेवलेला असेल तर शोधून परत लावा.

पुढच्या तोंडाला जाळी लावायची कल्पना चांगली आहे, दगड आणि पानं दोन्ही अडतात. पण भोकं बऱ्यापैकी मोठी हवीत. बारीक जाळी स्वतःच हवा अडवते, आणि तिच्यावर कचरा बसला की तर बघायलाच नको.

पंख्यांचं पटकन. ताशी ५०-६०च्या वर गाडीच्या वेगानेच पुरेशी हवा येते, पंखा चालू आहे की बंद याने फार फरक पडत नाही. ट्रॅकवर तो महत्त्वाचा ठरतो तो पिटमध्ये थांबल्यावर. गाडी उभी करून एसी लावा, दोन्ही बाजूंचे पंखे फिरले पाहिजेत. या पंख्यांना दोन वेग असतात आणि कमी वेगासाठीचा रेझिस्टर वयाप्रमाणे जातो. मग पंखा थेट मोठ्या वेगालाच सुरू होतो, तोवर पिटमध्ये तापमान चढलेलं असतं.

आता कूलंट. मध्ये इंजिन असल्यामुळे पुढच्या रेडिएटरपासून मागच्या इंजिनापर्यंत गाडीच्या लांबीइतके पाइप जातात, त्यामुळे कूलंटही साध्या हॅचबॅकपेक्षा कितीतरी जास्त लागतं. या लांब वाटेत हवा अडकणं फार सोपं. कोणी होस पाइप किंवा वॉटर पंप बदलून नुसतं वरून कूलंट ओतलं असेल तर आत हवेचा फुगा राहिलेला असण्याची शक्यता दाट आहे. रोजच्या वापरात तो त्रास देत नाही. आरपीएम सतत वर राहिले की तो पंपात किंवा हेडमध्ये येतो आणि तिथला प्रवाह तुटतो. उपाय म्हणजे व्हॅक्यूम फिलरने भरणं: आधी सगळी सिस्टीम निर्वात करायची, तो निर्वात टिकतोय का हे काही मिनिटं बघायचं, मग कूलंट आत ओढून घ्यायचं. निर्वात टिकला नाही तर गळतीही तिथेच सापडते. हे यंत्र नसलेल्या गॅरेजमध्ये या गाडीचं कूलंट बदलू नका.

मिश्रणाबद्दल बरेच गैरसमज आहेत. कूलंट जास्त घातलं तर गाडी जास्त थंड राहते, हे खरं नाही. उष्णता वाहून नेण्यात साधं पाणीच सगळ्यात सरस आहे. ग्लायकॉल असतं ते गोठू नये म्हणून आणि उत्कलनबिंदू वाढावा म्हणून, आणि त्यातली रसायनं असतात गंज थांबवायला. पुण्यात काही गोठत नाही. त्यामुळे ट्रॅकला जाणाऱ्या गाडीत निम्म्याऐवजी एक तृतीयांश कॉन्सन्ट्रेट आणि दोन तृतीयांश डिस्टिल्ड पाणी हे प्रमाण मी ठेवतो, कूलंटच्या डब्यावर तेवढ्या प्रमाणाला परवानगी असेल तरच. दुकानातून घेताना डबा नीट वाचा. कॉन्सन्ट्रेट आणि तयार मिश्रण दोन्ही सारख्याच डब्यांत मिळतात आणि तयार मिश्रणात पुन्हा पाणी ओतलं तर गंजरोधक पातळ होऊन निकामी होतं. बोअरचं पाणी चुकूनही नको. त्यातले क्षार गरम भिंतींवर बसतात आणि तो थर उष्णता अडवतो. रंगावरून कूलंट ओळखू नका, रंग कंपनी ठरवेल तो असतो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं स्पेसिफिकेशन जुळवा आणि दोन जातींचं कूलंट एकमेकांत मिसळू नका. अनेक शर्यतींत ग्लायकॉल चालतच नाही, कारण ते ट्रॅकवर सांडलं तर मागच्या गाड्या घसरतात. ट्रॅक डेला जाण्याआधी आयोजकांचा नियम विचारून घ्या.

कूलंटच्या टाकीच्या टोपीकडे कोणी बघत नाही, आणि टोपी तर सगळ्यात स्वस्त भाग आहे. समुद्रसपाटीला उघडं पाणी १०० अंशांना उकळतं. सिस्टीममध्ये हवेच्या दाबापेक्षा १ बार जास्त दाब राहिला तर तेच पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. तो दाब धरून ठेवायचं काम टोपीतली रबराची रिंग आणि स्प्रिंग करतात. टोपी थंड असताना उघडा, उलटी करून रिंग बघा. तिच्यावर खोल चर पडला असेल, रबर कडक झालं असेल किंवा चिरा दिसत असतील, तर ती टोपी दाब धरत नाही. हेडमध्ये ज्या जागा सर्वांत गरम असतात तिथे कूलंट आधी उकळतं, वाफेचे बुडबुडे धातूला चिकटतात आणि त्या जागेपुरतं कूलिंग बंद पडतं, तेही सेन्सर अजून १०८ दाखवत असताना. मूळ कंपनीची नवी टोपी घ्या. सोबत हातपंपाने सिस्टीमला दाब देऊन पंधरा मिनिटं काटा उतरतो का बघायला सांगा. आणि हेड गॅस्केटची शंका मिटवून टाका: टाकीच्या तोंडावर टेस्टर लावून त्यातलं निळं द्रव पिवळं पडलं, तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये येतोय. तसं असेल तर बाकीचं सगळं बाजूला ठेवा, आधी इंजिन.

थर्मोस्टॅट का काढायचा नाही? तो उघडतो ऐंशीच्या आसपास आणि शंभरच्या आधी पूर्ण उघडलेला असतो. तुमची गाडी ११०ला जाते तेव्हा तो वाटेत आडवा येतच नाही. वर अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना रेडिएटरला वळसा घालणारी बायपासची वाट बंद करतो. तो काढून टाकला की ती वाट कायमची उघडी राहते आणि गरम कूलंटचा काही भाग रेडिएटरकडे न जाता थेट इंजिनात परततो. म्हणजे ट्रॅकवर जास्त तापणार आणि पुण्याच्या थंडीत सकाळी ऑफिसला जाताना इंजिन नीट गरमच होणार नाही. कमी तापमानाला उघडणारा थर्मोस्टॅट मिळतो. तो घातला तर सुरुवात खालून होते, त्यामुळे एखाद-दोन लॅपची उसंत मिळते, पण शेवटचं तापमान तेच राहतं. जुना झाला असेल तर नवा, मूळ रेटिंगचा घाला. सोबत वॉटर पंप, ज्याला आपल्याकडे मिस्त्री वॉटर बॉडी म्हणतात, तोही बघा. त्याचं आतलं पातं प्लॅस्टिकचं असेल आणि झिजलं किंवा तडकलं असेल, तर हळू चालताना सगळं ठीक वाटतं, सहा हजार आरपीएमला प्रवाह कोसळतो.

तेलाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, आणि मला खरी काळजी तिथेच आहे. पिस्टनचा तळ, बेअरिंग, व्हॉल्व्हचा भाग, इथे कूलंट पोहोचत नाही, तिथली उष्णता तेलच उचलतं. तुमच्या इंजिनात तेलाची उष्णता एका हीट एक्स्चेंजरमधून कूलंटलाच दिली जाते. म्हणजे तेल तापलं की कूलंटवरचा भार वाढतो, आणि कूलंट ११०ला असेल तर ते तेलाला पुरेसं थंड करू शकत नाही. दोघं एकमेकांना वर ओढत नेतात. चांगल्या सिंथेटिक तेलाला १२०-१३० अंश चालतात. १४०च्या वर तेल फार पातळ होतं, बेअरिंगवरची फिल्म टिकत नाही, आणि हे नुकसान त्या दिवशी दिसत नाही, काही महिन्यांनी आवाज येतो. तेलाची पातळी दर सेशनआधी बघा, कंपनीने मान्य केलेल्या ग्रेडपैकी ट्रॅकला योग्य ते वापरा, आणि ट्रॅक डे झाला की किलोमीटर न बघता तेल बदला.

एवढं सगळं झाल्यावर, आलेख तरीही चढताच राहिला, तर रेडिएटरचा विचार. केमनच्या काही मॉडेलांत दोन बाजूंच्या रेडिएटरांशिवाय बंपरच्या मधोमध तिसरा येतो. तुमच्या गाडीत तो आहे का बघा. नसेल तर तो त्याच्या डक्टसकट बसवणं हा बाजूचे दोन बदलण्यापेक्षा चांगला मार्ग, कारण हवेला नवी वाट मिळते. नुसत्या जाड रेडिएटरचा फायदा वाटतो तितका नसतो. कोअर, म्हणजे आतला जाळीचा गाभा, जाड झाला की त्यातून हवा ढकलणं अवघड होतं, आणि मागच्या भागापर्यंत पोहोचलेली हवा आधीच गरम झालेली असते. समोरून दिसणारं क्षेत्रफळ वाढलं तर लाभ, जाडी वाढली तर जपून. तेलाचा वेगळा कूलर लावायचा झाला तर तो थर्मोस्टॅट असलेलाच घ्या आणि रेडिएटरच्या पुढे लावू नका. तिथे लावलात तर तेलाची उष्णता कूलंटच्या वाट्याची हवा गरम करते.

चालवण्याने काय बदलतं हे लोक ऐकून घेत नाहीत, पण पैसे न खर्चता मिळणारा सगळ्यात मोठा फायदा इथे आहे. एसी बंद ठेवा, कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच असल्यामुळे त्याची सगळी उष्णता मागे जाते. रेडलाइनपर्यंत (आरपीएमच्या काट्यावरच्या लाल खुणेपर्यंत) खेचण्याऐवजी सात-आठशे आरपीएम आधी गिअर वर टाका. लॅपटाइममध्ये किरकोळ फरक पडतो, आणि घर्षणाची उष्णता आरपीएमसोबत झपाट्याने वाढत असल्यामुळे तापमान लगेच खाली येतं. पुढच्या गाडीच्या अगदी मागे चिकटून राहू नका, तिने तापवलेली आणि ढवळलेली हवा तुमच्या रेडिएटरला पुरत नाही. सरळ पट्ट्यावर अर्धी गाडी बाजूला काढा, म्हणजे ताजी हवा मिळते. दोन-तीन जोरदार लॅप, मग एक हलकी, असं केलंत तर मार्चमध्येही पूर्ण सेशन मिळतं. जमलं तर सकाळचं पहिलं सेशन घ्या. शेवटची लॅप तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, ब्रेक न तापवता. पिटमध्ये आल्याआल्या इंजिन बंद करू नका, एक-दोन मिनिटं चालू द्या.

ट्रॅकवर पुन्हा दिवा लागला तर दोन वेगळ्या परिस्थिती आहेत. कूलंट जागेवर आहे आणि फक्त तापमान वाढलंय, तर ॲक्सिलरेटर सोडा, वरचा गिअर, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण. हीटरचा कोअर हा छोटा रेडिएटरच आहे. हळूहळू पिटला या. पण समोर वाफ दिसली, गोडसर वास आला किंवा काटा वर जाऊन अचानक खाली पडला, तर कूलंट गेलंय. तो खाली पडलेला काटा बघून निश्चिंत होऊ नका, सेन्सरभोवती द्रव उरला नाही म्हणून तो कमी दाखवतो. मार्शल पोस्टजवळ (ट्रॅकवरच्या सुरक्षा कर्मचाऱ्यांच्या ठाण्याजवळ) ट्रॅकबाहेर गाडी घ्या आणि इंजिन तिथेच बंद करा. पिटपर्यंत आणायच्या नादात ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, आणि हेड उतरवायचं म्हणजे या गाडीत इंजिनच खाली घ्यावं लागतं. टोपी तासभर तरी उघडायची नाही, फडकं टाकूनही नाही. उकळतं कूलंट दाबाखाली चेहऱ्यावर येतं.

पुढे इंजिन असलेली टर्बो गाडी घेऊन ट्रॅकला जाणाऱ्यांसाठी एवढंच: तुमच्याकडे रेडिएटरच्या पुढे कंडेन्सर आणि इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा) दोन्ही असू शकतात, त्यामुळे कचऱ्याच्या फटीही जास्त. इंटरकूलर तापला की आत जाणारी हवा गरम होते, नॉक (पेट्रोलचा अवेळी भडका) टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठिणगी उशिरा टाकतो आणि उष्णता आणखी वाढते. ट्यूनिंग करून ताकद वाढवलेली असेल तर ९५ किंवा १०० ऑक्टेनचं पेट्रोल वापरा, पुण्यात दोन्ही मिळतात. बोनेटला व्हेंट पाडायचे तर रेडिएटरच्या लगेच मागे पाडा. विंडस्क्रीनच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो, तिथल्या व्हेंटमधून हवा बाहेर जाण्याऐवजी आत येते.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा: आधी बंपर उतरवून सफाई आणि डक्टच्या फटी बंद, मग टोपी, दाबाची आणि गॅस्केटची चाचणी, व्हॅक्यूम फिलरने ताजं कूलंट, जुना असेल तर थर्मोस्टॅट आणि पंप. त्यानंतर ओबीडी रेकॉर्डिंग लावून पुढचा ट्रॅक डे करा. तिथे प्रत्येक सेशनआधी हवेचं तापमान लिहून ठेवा. लॅपगणिक कूलंट आणि तेलाचे आकडे, कूल-डाउन लॅपला किती उतरलं, आणि थंड झाल्यावर टाकीतली पातळी किती कमी झाली, हेही टिपा. ते आकडे इथेच लिहा, तुमच्या गाडीत मधला रेडिएटर आहे की नाही हेही सांगा, मग ऑइल कूलरवर खर्च करायचा की तिसऱ्या रेडिएटरवर ते ठरवता येईल.